कल चाचणीच्या नावाखाली नको

(समुपदेशक म्हणून मला आलेलं एक पत्र आणि त्याला दिलेलं उत्तर. पत्रातले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सप्रेम नमस्कार. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, दहावीत. तालुक्याच्या गावी आमचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. मागच्या महिन्यात त्याच्या दप्तरात एक कडक झालेला रुमाल सापडला. थिनरचा वास येत होता. मला वाटलं, दुकानात हात पुसले असतील. मग नाकाखाली लाल चट्टे दिसायला लागले. सर्दीने झालेत म्हणाला. जेवण कमी झालंय, संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून पडून राहतो. आठवड्यापूर्वी ह्यांनी त्याला दुकानाच्या मागच्या खोलीत पिशवीत तोंड घालून बसलेला पकडला. खूप मारलं. तो पळत रस्त्यापर्यंत गेला, हे त्याच्या मागे. दुसऱ्या दिवशी ह्यांनी त्याची गच्चीवरची कबुतरं विकून टाकली. तेव्हापासून तो घरात कुणाशी बोलत नाही.

सारखा मोबाइलमध्ये असतो म्हणून दिवाळीपासून आम्हीच त्याला रोज दोन तास दुकानात बसवत होतो, ते आता बंद केलंय. धाकटी सहावीत आहे, तिला त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय. माझ्या भावाने शहरातल्या एका केंद्राचा पत्ता आणलाय. ते लोक रात्री गाडी घेऊन येतात, मुलाला घेऊन जातात, तीन महिने भेटू देत नाहीत, पण सुधारून पाठवतात म्हणे. मेडिकलमधून लघवी तपासायचं किट आणलं होतं, त्यात काहीच निघालं नाही. ह्यांचं म्हणणं, आता सुटलं असेल.

माझी विनंती अशी की मी त्याला कल चाचणीच्या नावाखाली तुमच्याकडे आणते. तुम्ही गोडीगुलाबीने सगळं काढून घ्या. कधीपासून, कोणाबरोबर, आणखी काय काय घेतो. आणि मला सांगा. त्याला कळू देऊ नका. हे तर स्टेशनवरची पोरं करतात, आमच्या घरात कसं आलं? दुकान मंगळवारी बंद असतं, तेव्हा येऊ शकतो.

— एक आई

ताई,

आधी एक गोष्ट, बाकीचं पत्र रात्री सावकाश वाचलंत तरी चालेल. पुन्हा कधी तो तसा सापडला तर ओरडू नका, अंगावर धावून जाऊ नका आणि पळाला तर पाठलाग करू नका. थिनरची वाफ रक्तात गेली की हृदय अ‍ॅड्रेनॅलिनला, म्हणजे घाबरल्यावर अंगात सुटणाऱ्या रसायनाला, फार हळवं होतं. अशा वेळी मूल दचकलं, जीव घेऊन पळालं, तर ठोके बिघडून हृदय जागच्या जागी बंद पडू शकतं. वर्षानुवर्षं हुंगणाऱ्यालाच हा धोका असतो असंही नाही, पहिल्यांदा हुंगणाऱ्यालाही असतो. त्या संध्याकाळी तो रस्त्यापर्यंत पळाला आणि धडधाकट घरी आला, हे तुमचं नशीब. यजमानांना बोल लावायला हे लिहीत नाही. हे माहीत असलेले वडील मला आजवर भेटलेले नाहीत.

आवाज न चढवता आत जायचं. पिशवी, रुमाल काढून घ्यायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, त्याला बाहेरच्या हवेत आणायचं आणि शेजारी बसून राहायचं. काडी, लायटर, उदबत्ती, काही पेटवायचं नाही. शुद्ध जातेय असं वाटलं तर कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन लावायचा. कांदा नाकाला लावणं, तोंडात लिंबूपाणी ओतणं, यातलं काही नको. चौकशी दुसऱ्या दिवशी.

आता तुमची विनंती. नाही, ताई. कल चाचणीच्या नावाखाली त्याला आणू नका.

हे मी एकदा केलंय, म्हणून सांगते. पंचवीसेक वर्षं झाली. सतरा वर्षांचा मुलगा होता. आई-वडिलांनी ‘डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय’ म्हणून आणला. मला आधी विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. मी नवी होते, आई फोनवर रडत होती, मला वाटलं एकदा समोर तर बसू दे, पुढचं मी बघते. तो आत आला. भिंतीवर अक्षरांचा तक्ता शोधला. नव्हता. मग त्याने चष्मा काढला, टेबलावर ठेवला, बोटाने माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, “तपासा.” पुढची चाळीस मिनिटं तो खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन नखाने सोलत बसला. मला जे जे शिकवलं होतं ते सगळं मी वापरून पाहिलं. जाताना त्याने चष्मा उचलला, एवढाच काय तो प्रतिसाद. तो परत आला नाही. पुढे त्याची आई एका लग्नात भेटली. म्हणाली, आता दाढ दुखली तरी तो रिक्षातून उतरून आधी दवाखान्याची पाटी वाचतो, मग आत येतो.

ती खुर्ची मी बरीच वर्षं तशीच ठेवली होती.

तुमच्या मुलाच्या बाबतीत तर मला अजून जपायला हवं. गेल्या पंधरा दिवसांत त्याला मारलंय, त्याची कबुतरं गेलीत, बहीण त्याच्या मागावर आहे, आणि मामा गाडीवाल्यांशी बोलतोय, याचा सुगावा त्याला लागला नसेल असं मला वाटत नाही. त्यात माझी खोली हा आणखी एक सापळा निघाला, तर त्याला बोलायला जागाच उरत नाही.

तुम्ही म्हणाल, खरं सांगितलं तर तो येणार कशाला? कदाचित नाही येणार. पण पहिल्या भेटीला मला तो नकोच आहे. मला तुम्ही दोघं हवे आहात. आपल्याकडे समुपदेशन म्हणजे बिघडलेलं मूल आणून सोडायचं आणि दुरुस्त झालं की न्यायचं, मिक्सर दिल्यासारखं. व्यसनाचं काम तसं चालत नाही. अमेरिकेत रॉबर्ट मायर्स यांनी ‘क्राफ्ट’ नावाची एक पद्धत बसवली, तिचं सगळं लक्ष घरच्यांवर असतं. जो यायला तयार नाही त्याला ओढायचं नाही. त्याच्याशी कसं बोलायचं, केव्हा गप्प बसायचं, त्याच्या चांगल्या दिवसाची दखल कशी घ्यायची, हे घरच्यांना शिकवायचं. लांब कशाला, आपल्या पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथेही दाखल झालेल्या माणसाबरोबर त्याच्या घरच्यांना बोलावलं जातं, बायकांचे वेगळे गट चालतात. घरातलं बोलणं बदललं की पुष्कळ मुलं आपल्या पायांनी येतात. कधी दोन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी.

आणि तो आला, तर तो मला काय सांगतो ते मी तुम्हाला सांगणार नाही. हे वाचायला कडू लागेल. फी आम्ही भरतो आणि आम्हालाच सांगत नाही, असं बरेच वडील मला तोंडावर म्हणतात. त्याला आणि तुम्हाला एकत्र बसवून मी पहिल्याच दिवशी हे सांगते, म्हणजे नंतर कुणाचा गैरसमज नको. कधी सुरू केलं, कोण मित्र होते, अजून काय घेऊन पाहिलं, हे त्याचं आणि माझं. तो येतोय की नाही, काम पुढे सरकतंय की नाही, हे तुम्हाला कळेल. त्याच्या जिवाला धोका वाटला, स्वतःला काही करून घ्यायचे विचार दिसले, किंवा कुणी मोठा माणूस त्याचा गैरफायदा घेतोय असं कळलं, तर मात्र मी गप्प बसणार नाही. तेव्हाही आधी त्याला सांगेन की हे मी आई-बाबांना सांगतेय, आणि मग तुम्हाला. त्याच्या पाठीमागे काहीही नाही.

खरं तर तुम्हाला जी माहिती हवी आहे तिचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. मित्रांची नावं कळली तर तुम्ही त्यांच्या घरी जाल. तिथे भांडण होईल, गावात बोभाटा होईल, आणि हा परत त्याच मित्रांकडे जाईल, कारण आता तेही मार खाल्लेले.

स्टेशनवरच्या पोरांबद्दल. तुमचं हे वाक्य मी दर महिन्याला ऐकते. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन, थिनर म्हटलं की आपल्याला फलाटावर रुमाल नाकाला लावून बसलेला मुलगा दिसतो, कारण तो उघड्यावर बसतो. घरातली मुलं मोरीत, गच्चीवर, दुकानाच्या मागच्या खोलीत बसतात. दिल्लीच्या एम्समधल्या व्यसन उपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, तिचा अहवाल 2019 मध्ये आला. हुंगायचे पदार्थ हा त्यातला एकच प्रकार असा आहे की ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे. 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के, मोठ्यांत 0.58. कारणं सोपी आहेत. स्वस्त, कायदेशीर, विकत घ्यायला कुणाची ओळख लागत नाही, काही मिनिटांत चढतं आणि आई ऑफिसातून किंवा बाजारातून यायच्या आत उतरतं.

तुमच्या घरात तर ते कॅनने येतं. पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. मोबाइल सुटावा म्हणून दिवाळीपासून दुकानात बसवला. रंगाच्या दुकानाची मागची खोली मला माहीत आहे, माझ्या मामांचं होतं. झरोका एक, तोही डब्यांनी झाकलेला. सुटं थिनर मागायला गिऱ्हाईक आलं की पाच लिटरच्या कॅनमधून बाटलीत ओतायचं. ओतताना नाक त्याच्यावरच असतं. थंडीत दार लोटून घेतलेलं. मामांना रोज दुपारी डोकेदुखी असायची, ते ती पित्तावर घालवायचे. तुमच्या यजमानांना विचारा, त्यांचंही डोकं संध्याकाळी जड होतं का. माझा अंदाज असा, आणि हा अंदाजच आहे, की पहिल्यांदा हे त्याने केलं नसून त्याला झालं. ओतता ओतता डोकं हलकं झालं, बरं वाटलं. मग एक दिवस मुद्दाम वास घेतला. मग रुमाल. मग पिशवी. तुम्ही चांगल्या हेतूने त्याला तिथे बसवलंत, आणि तिथेच हे सापडलं. अपराधी वाटून घेण्यात दिवस घालवू नका. पण नवऱ्याशी बोलताना ही शक्यता मनात असू द्या, कारण ‘वाईट संगत’ हा एकच शब्द घरात फिरत असणार.

दुकानाची व्यवस्था आजच बदलता येईल. एन. सी. थिनर, टर्पेंटाइन, डिंकाचे डबे कुलपात. किल्ली यजमानांच्या खिशात. मागच्या खोलीला एक्झॉस्ट पंखा, तो सगळ्यांसाठीच. कुलूप घातलं हे त्याच्यापासून लपवू नका. “थिनर कुलपात ठेवलंय, तुला काही होऊ नये म्हणून,” एवढं साध्या आवाजात सांगा. कुलपाने सुटेल असं मात्र समजू नका. वह्यांच्या दुकानात, सायकलच्या दुकानात, तुमच्या नेलपॉलिशच्या रिमूव्हरमध्ये, गाडीच्या टाकीत, सगळीकडे असलंच काही ना काही आहे. कुलपाने थोडा वेळ मिळतो, तेवढाच त्याचा उपयोग.

ते किट फेकून द्या. मेडिकलमध्ये मिळणारी किट गांजा, अफू, झोपेच्या गोळ्या अशा गोष्टी शोधतात. थिनर त्यांना दिसतच नाही. तो रोज हुंगत असता तरी रेघ तशीच आली असती. शिवाय लघवीची बाटली हातात देऊन दाराशी उभं राहणं, पंधरा वर्षांच्या मुलाला ते कसं वाटलं असेल, ते जाऊ दे.

त्याऐवजी त्याला एका एमडी फिजिशियनकडे न्या, आणि खरं कारण सांगून न्या. थिनरमध्ये टोल्युइन असतं. ते जास्त दिवस घेतलं की मूत्रपिंडावर येतं, रक्तातलं पोटॅशियम उतरतं, मग हातापायात जोर राहत नाही. चिकटवायच्या सोल्युशनमध्ये हेक्झेन असेल तर पायांच्या नसा जातात, मुंग्यांपासून सुरुवात होते. फार वर्षं चाललं तर मेंदूतल्या नसांवरचं आवरण झिजतं, चाल आणि बोलणं बिघडतं. तुमचा मुलगा तिथवर गेलाय असं पत्रावरून वाटत नाही. पण पोटॅशियम, मूत्रपिंड, यकृत आणि ईसीजी पाहून घ्यायला हवा. चट्ट्यांना डॉक्टर मलम देतील. डॉक्टरांना ‘अशक्तपणा आहे’ असं सांगून टॉनिक लिहून आणू नका.

सोडवायचं औषध म्हणाल, तर थिनरचं असं कुठलंही औषध नाही. पेपरात ‘रुग्णाच्या नकळत’ म्हणून पावडरींच्या जाहिराती येतात, त्या तर घरात आणूच नका. थांबवल्यावर काही दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोप उडणं हे होईल. दारू एकदम तोडल्यावर जसं आकडी येण्यापर्यंत जाऊ शकतं, तसं यात बहुतेक मुलांचं होत नाही. त्यामुळे तीन महिने कोंडून ठेवायला वैद्यकीय कारण काही उरत नाही.

म्हणजे आलोच आपण भावाने आणलेल्या पत्त्यापाशी. भावाला तुमची काळजी आहे, त्याने चार ठिकाणी चौकशी केली असेल, त्याला दुखवू नका. पण ती गाडी घरी येऊ देऊ नका. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे, त्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक स्थितीही येतात. 18 वर्षांखालच्या मुलाला दाखल करायचं तर कलम 87 काय म्हणतं ते तुमच्या भावाला वाचून दाखवा. दाखल करायचं ते अपवाद म्हणूनच. आधी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसऱ्या एका डॉक्टर वा मानसिक आरोग्य व्यावसायिकाने, त्याला स्वतंत्रपणे तपासायचं. मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं. आणि पालकाने, किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने, तो असेपर्यंत पूर्ण वेळ त्याच्याबरोबर राहायचं. जे लोक न तपासता रात्री उचलून नेतात आणि तीन महिने आईला भेटू देत नाहीत, त्यांच्याकडे यातलं काय आहे? त्यांना फोन करून एवढंच विचारा: तुमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ कोण, नोंदणी क्रमांक काय, आणि मी मुलाजवळ राहू शकते का. उत्तर काय येतं ते मला कळवा, पैज लावायला मी तयार आहे.

अशा ठिकाणांहून परत आलेली मुलं मी पाहते. काही सुटतातही. पण ती मुलं वर्ष-वर्ष दाराकडे पाठ करून झोपत नाहीत.

दाखल करायची वेळ आलीच, म्हणजे त्याला भास होतायत, तो जिवावर उठलाय, किंवा अजिबात थांबू शकत नाहीये, तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. तिथे आधी दाखवा. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतीचा, नंबर आहे, मराठीत बोलता येतं. व्यसनाच्याच मदतीसाठी 14446. दोन्हींना पैसे पडत नाहीत. पोलिसांची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण असेल. थिनर हुंगणं हा अमली पदार्थांच्या कायद्याखालचा गुन्हा नाही. शाळेत आत्ता कुणाला सांगू नका. पुढे त्याला विचारून, त्याला ज्या सरांबद्दल आपुलकी आहे त्या एकाच सरांना सांगू.

धाकटीची नेमणूक आज संध्याकाळीच रद्द करा. तिला जवळ घेऊन सांगा, “मी तुला दादावर लक्ष ठेवायला सांगितलं, ते माझं चुकलं. ते मोठ्या माणसांचं काम आहे.” सहावीतली मुलगी भावाच्या दप्तराचा वास घेत फिरतेय, हे चित्र मला त्याच्या रुमालापेक्षा जास्त छळतं. तिने सांगितलं आणि त्याला मार बसला तर ती चुगलखोर, नाही सांगितलं आणि काही झालं तर तिच्यामुळे झालं. दोन्हींकडून तिचाच बळी. ताई, अशा धाकट्या बहिणी पुढे तिशीत माझ्याकडे येतात.

आता त्याच्याशी बोलायचं. समोरासमोर खुर्च्या टाकून नको, ‘बस जरा, बोलायचंय’ असंही नको. या वयाच्या मुलांना डोळ्यांत डोळे घालून बोललेलं सोसत नाही. स्कूटरवर मागे बसवून निघालात की बोला, किंवा तुम्ही शेंगा सोलताय आणि तो तिथेच घुटमळतोय तेव्हा. तो शुद्धीवर, पोटात अन्न असलेला, आणि घरात दुसरं कुणी नसलेलं हवं. वाक्यं दोन पुरेत. “त्या दिवशी तुला तसं बघितल्यापासून माझी झोप उडालीय. त्यातून तुला काय वाटतं, हे मला समजून घ्यायचंय.” आणि मग गप्प बसा. खरोखर गप्प. चार शेंगा, पाच शेंगा सोलून होतील. तो ‘काही नाही’ म्हणेल. तरी गप्प. आपल्याला त्या शांततेची इतकी भीती वाटते की आपणच उत्तर देऊन टाकतो, ‘मित्रांनी दिलं ना?’ म्हणतो, आणि दार बंद.

त्यातून काय वाटतं, हा प्रश्न तुम्हाला विचित्र वाटेल. वाईट गोष्टीचं कौतुक विचारल्यासारखा. पण कुठलंही मूल डोकं दुखावं म्हणून थिनर हुंगत नाही. त्याला त्यातून काहीतरी मिळतंय. एक मुलगा मला म्हणाला होता, “दहा मिनिटं कुणी मला काही विचारत नाही.” दहावीचं वर्ष, क्लास, दुकान आणि रात्री जेवताना मार्कांची चौकशी. त्याला काय मिळतं ते कळलं तर ते दुसरीकडून कसं मिळेल ते शोधता येतं. तो बोललाच, तर लगेच उपाय सांगू नका. “बरं,” म्हणा. “सांगितलंस, बरं झालं,” म्हणा. झालं, त्या दिवसाचं काम संपलं.

यजमानांचं काम याहून अवघड आहे. त्यांनी त्याच्याजवळ जाऊन म्हणायचं, “मी मारायला नको होतं.” पुढे ‘पण’ नाही. ‘पण तू तसं केलंस म्हणून’ जोडलं की माफी वसूल करायची रक्कम होते. हे वाक्य म्हणायला वडिलांना मी खोलीत चार-चार वेळा सराव करायला लावते. चाळिशीतले, दुकान चालवणारे, उधारीसाठी कुणाचंही ऐकून न घेणारे पुरुष त्या वाक्याशी घाम पुसतात. त्यांनी हे म्हटल्याने धाक जाईल असं तुम्हाला वाटेल. धाक त्या संध्याकाळी रस्त्यावरच संपला. घरातले नियम ठेवा, आणि सांगून ठेवा. संध्याकाळी सातपर्यंत घरी. हुंगून आलास तर त्या दिवशी सायकल मिळणार नाही. छोटे नियम, जे तुम्ही खरंच पाळू शकाल असे. ‘घराबाहेर काढीन’ हा नियम नव्हे, कारण तुम्ही काढणार नाही, आणि ते त्याला ठाऊक आहे.

तो घसरेल. हे आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे तेव्हा जग बुडाल्यासारखं होणार नाही. तीन आठवडे बरे जातील आणि चौथ्यात परत रुमाल सापडेल. तेव्हा ‘सगळं पाण्यात गेलं’ म्हणू नका. तीन आठवडे तो कसा राहिला, ते त्याला विचारा. त्याचं उत्तर मला पुष्कळ उपयोगी पडतं.

शेवटी कबुतरं. ती ओळ वाचून मी पत्र खाली ठेवलं. त्याच्याकडे स्वतःहून पहाटे उठायचं जे एक कारण होतं, तेच तुम्ही विकलंत. ज्याला दुपारी डोकं धरून पडायचं असतं तो मुलगा सकाळी पाचला दाणे टाकायला गच्चीवर जात होता, हे तुमच्या बाजूचं सगळ्यात मोठं बळ होतं. रागाच्या भरात झालं, समजते. विकत घेणारा गावातलाच असेल. सगळी परत आणायला जाऊ नका, लाच वाटेल. एक जोडी. यजमानांनी त्याला सांगायचं की अमक्याकडे चाललोय, येतोस का. नाही म्हणाला तर एकट्याने जाऊन यायचं. आणलेली जोडी त्याच्या हातात द्यायची, आणि व्याख्यान न देता खाली यायचं. गच्चीवर तो शुद्धीत असतानाच जाईल एवढं मात्र तुम्ही दोघांनी पाहायचं, कठड्याची उंची माझ्या डोळ्यांसमोर आहे.

येत्या मंगळवारी अकरा वाजता तुम्ही दोघं या. त्याला सकाळीच सांगा की आम्ही दोघं एका समुपदेशक बाईंकडे चाललोय, तुझ्याशी आमचं वागणं चुकतंय असं वाटतं म्हणून. तुला पुढे कधी यावंसं वाटलं तर ये. पत्ता पाटीवर आहे तसाच सांगा. आणि रिकामं खुराडं गच्चीवर अजून असेल तर भंगारवाल्याला देऊ नका.